पाठीतली भरती

कमळच्या पाठीवर जे चिकटवलं होतं, त्याला इस्पितळातली माणसं सेन्सर म्हणत, तिची सून कल्पिता डिव्हाइस म्हणे, आणि कमळ स्वतः त्याला नणंद म्हणे.

"नणंद कशी काय आजी?" मृणालने पहिल्याच भेटीत विचारलं होतं. मृणाल ही इस्पितळाची मुलगी. दर पंधरा दिवसांनी नवी मुंबईहून उरणला यायची, पाठीवरच्या चिकटपट्ट्या बदलायची, व्रण बघायची आणि चहा न घेता जाऊ पाहायची, ते तिला कधी जमलं नाही.

"दिवसभर पाठीला लागून असते," कमळ म्हणाली. "मी कवा उठले, कवा बसले, किती वाकले, ते सगळं वरती जाऊन सांगते. नणंद न्हाय तर काय?"

"मला नणंद मिळाली नाही ना," कल्पिता आतून म्हणाली, "ती कसर देवाने तुमच्या पाठीवर भरून काढली."

कमळला अडुसष्टावं लागलं होतं. दोन वर्षं डावा पाय मांडीपासून बधिर व्हायचा, चालता चालता चप्पल निसटून मागे राहायची आणि तिला पत्ता नसायचा. कमरेचा एक मणका दुसऱ्यावरून सरकला होता. गणपती गेल्यावर ऑपरेशन झालं. दोन दांड्या, सहा स्क्रू. हाडं एकमेकांत मुरायला सहा महिने लागणार, तोवर सगळा भार त्या स्क्रूंवर. ते धरून राहिलेत की सैल पडतायत, हे कळावं म्हणून व्रणाच्या वर एक आणि खाली एक, असे काड्यापेटीपेक्षा पातळ दोन बिल्ले तिच्या पाठीवर बसले. ती किती वाकते, किती वळते, पाठीला कुठे धक्का बसतो, ते सगळं त्यांना कळायचं, आणि कल्पिताने दिलेल्या जुन्या फोनमधून इस्पितळात पोचायचं.

डॉक्टरांनी तीन गोष्टी बजावल्या होत्या. वाकायचं नाही, वजन उचलायचं नाही, जमिनीवर बसायचं नाही. आणि रोज दोन वेळा पाय मोकळे करायला चालायचं. कमळने संकष्टीसुद्धा इतकी कडक पाळली नव्हती. कोथिंबिरीची काडी खाली पडली तरी ती कल्पिताची वाट बघत उभी राहायची.

म्हणून मार्गशीर्ष लागल्यावर डॉक्टरांचा फोन आला, तेव्हा ती आधी चिडली आणि मग घाबरली.

पाठीला धक्के बसतायत, डॉक्टर म्हणाले. चालण्याचे नव्हेत. सुटे, एकेक, जोरकस. दिवसाला वीस-पंचवीस, तेही पाव तासाच्या आत. एक्सरेत खालच्या एका स्क्रूभोवती थोडं धूसर दिसतंय, तो सैल पडून हलत असेल, नसेलही. आणखी पंधरा दिवस बघू. धक्के असेच राहिले आणि कारण कळलं नाही, तर पुन्हा उघडून बघावं लागेल.

पुन्हा उघडणं म्हणजे काय ते कमळला ठाऊक होतं. दुखण्याची तिला तेवढी भीती नव्हती. मिठागरात काम केलेल्या बाईने दुखणं बघितलेलं असतं. पण इस्पितळातले ते नऊ दिवस तिला नको होते. तिथल्या खोलीला खिडकी होती आणि खिडकीबाहेर भिंत होती. सकाळ कुठली, दुपार कुठली, काही समजायचं नाही. ती नर्सला रोज तिथी विचारायची आणि ती पोर तिला तारीख सांगायची.

"खरं सांगा आई," कल्पिता म्हणाली, "मी कामावर गेले की हंडा उचलता ना?"

"मी हंड्याला बोट लावलं न्हाय."

"मग माळ्यावर चढता."

"व्हय, आन् वरनं उड्या मारते," कमळ म्हणाली. "ट्रेलर आला की तुझ्या नवऱ्यालाच विचार, त्यानं बघितलंय."

नवरा म्हणजे निकेत. तो बंदरातून कंटेनर घेऊन निघाला की चार-चार दिवस रस्त्यावरच असायचा. त्याने फोनवरून एवढंच सांगितलं, "आईला बसवून ठेव." कमळला तेही लागलं. आयुष्यात तिने कामचुकारपणा केला नव्हता आणि खोटंही ती फारसं बोलली नव्हती. आता पाठीवरची दोन बोटांची वस्तू बोलते ते खरं आणि ती बोलते ते खोटं, असं होऊन बसलं होतं.

पुढच्या बुधवारी मृणाल आली, ती एक कागद घेऊन. डॉक्टरांनी काढून दिलेला. खाली आडवे दिवस, बाजूला उभे तास, आणि मधे लाल टिंबं. जिथे धक्के, तिथे टिंब.

"मला दाखव की," कमळ म्हणाली.

"त्यात काय बघणार आजी, नुसती टिंबं आहेत."

"माझीच हायत ना? दे."

तिने कागद हात लांब करून धरला. शाळा चौथीपर्यंतच झाली होती, पण कागद वाचायला अक्षरं लागतातच असं नाही. टिंबं कुठेही विखुरलेली नव्हती. खालून सुरू होऊन एकेक पायरी वर चढत गेली होती, जिन्यासारखी. मग जिना तुटला होता. मग काही दिवस कोरा कागद. मग पुन्हा खालून दुसरा जिना.

"हा पहिला दिवस कुठला?"

"गुरुवार. गेल्या महिन्यातला. सकाळी नऊच्या सुमाराला," मृणाल कागदावर बोट ठेवून सांगू लागली. "शुक्रवारी पावणेदहा. शनिवारी साडेदहा. रविवारी सव्वाअकरा. रोज पाऊण तास उशिरा. ते आम्हालाही दिसलं होतं. गोळीची वेळ बघितली, जेवणाची बघितली, झोपेची बघितली. कशाशीच जुळत नाही."

कागदाकडे बघत कमळ खुर्चीत मागे रेलली, आणि तिला फार जुनं काहीतरी ओळखीचं समोर यावं तसं झालं. हा जिना तिने बघितला होता. कागदावर नव्हे.

"कल्पिता, ते भिंतीवरचं कॅलेंडर काढ. त्या गुरुवारी तिथी काय होती?"

कल्पिताने पान मागे उलटलं. "द्वादशी."

"बाराची पाऊणपट किती?"

"नऊ," कल्पिता म्हणाली, आणि थांबली. ती याच किनाऱ्यावरची, करंजाची. शाळेत तिला पाढे आले नसतील, पण तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते हे तिला बापाने मांडीवर घेऊन शिकवलं होतं. "त्रयोदशी, पावणेदहा," ती पुटपुटली. "चतुर्दशी, साडेदहा. पुनवेला सव्वाअकरा." तिने सासूकडे बघितलं. "आई, ही भरती आहे."

"काय आहे?" मृणालने विचारलं. ती साताऱ्याकडची, तिला समुद्र म्हणजे सुट्टीत बघायची गोष्ट.

"थांब," कमळ म्हणाली. आता तिच्या आवाजाला धार चढली होती. "मी कागद बघत न्हाय. तू बघ. अष्टमी-नवमीला टिंब न्हाय."

मृणालने कॅलेंडर आणि कागद शेजारी धरले. "नाही."

"तवा भांगाची भरती असते. पाणी चढतंच न्हाय फार. उधाण पुनवेला आन् अवसेला. आता दुसरा जिना बघ. त्याच्या मधोमध अवस असंल."

मृणालने बघितलं. अमावास्या दुसऱ्या जिन्याच्या बरोबर मधल्या पायरीवर होती. ती हळूच खुर्चीवर बसली आणि त्या दिवशी पहिल्यांदा न सांगता तिने चहाचा कप उचलला.

"म्हणजे पुनवेला, अवसेला मोठं उधाण येतं," ती म्हणाली, "आणि त्याच दिवसांत तुमच्या पाठीला धक्के बसतात. पाणी चढतं त्याच वेळेला." तिने कप खाली ठेवला. "आजी, हे मी डॉक्टरांना कसं सांगू?"

"लोखंडाला चंद्र ओढत असंल का गं?" कमळने विचारलं. ती थट्टा करत नव्हती.

"लोखंड नाही, टायटॅनियम आहे."

"मग त्याला ओढत असंल."

मृणाल हसली, पण तिलाही लगेच नाही म्हणता आलं नाही. मग तिने भानावर येऊन विचारलं, की त्या वेळेला तुम्ही असता कुठे?

"फिरायला जाते. तुमीच सांगितलंय ना चालायला? बांधावर जाते. पण नुसती चालते. काठी घेऊन. वाकत न्हाय, उचलत न्हाय, बसत न्हाय."

"चालण्याचे धक्के असे नसतात," मृणाल म्हणाली. "रविवारी मी येते. तुमच्याबरोबर चालते. रविवारी काय आहे?"

"चतुर्दशी," कमळ म्हणाली. "साडेदहाला ये."

तीन दिवस कमळला दुसरं काही सुचलं नाही. भीती होतीच, पण तिच्यावर कुतूहलाने कडी केली होती. रात्रीच्या भरतीला, कल्पिता आत कामात असताना, ती खुर्चीत ताठ बसून हात मागे नेई आणि व्रणावर तळवा ठेवून बघे, आत काही चढतंय का. काही चढत नव्हतं. बिल्ला तेवढा उबदार लागायचा.

बसल्या बसल्या तिला जुनं आठवे. घरामागे आता रस्त्याचा भराव आहे आणि त्यावर रात्रंदिवस ट्रेलर उभे असतात, तिथे तिच्या लग्नाच्या वेळी मिठागर होतं. दसरा झाला की बायका-पुरुष ओळीने उभे राहून मिठाची तळी पायांनी तुडवायचे, चिखल तव्यासारखा घट्ट होईस्तोवर. तिच्या सासऱ्याचं एक वेड होतं. घरात नवी सून आली की पहिल्या उधाणाला तो तिला बांधावरून चालवायचा आणि मागून बघायचा. बांधाला खेकडे बिळं करतात. एरवी ती दिसत नाहीत. खाडीचं पाणी चढलं की अलीकडच्या अंगाला ओल फुटते, बुडबुडा येतो, तेव्हाच कळतं बीळ कुठे आहे. तो पाव तास हातचा गेला, की रुपयाएवढ्या बिळाचं दुपारपर्यंत भगदाड होतं. कमळ त्या परीक्षेत पहिल्या दिवशी नापास झाली होती. मोरूने, तिच्या नवऱ्याने, तिला दुसऱ्या दिवशी पहाटे नेऊन शिकवलं होतं. मोरू जाऊन आता अकरा वर्षं झाली. मिठागर त्याच्याही आधी गेलं. उरला तो एवढा एक बांध, त्याच्या आड दोन एकर भात आणि घरची विहीर.

रविवारी सव्वादहाला तिघी निघाल्या. पुढे काठी टेकत कमळ, मागे मृणाल, धक्का बसला की वाजणारा फोन हातात धरून, आणि तिच्या मागे कल्पिता, नवे पांढरे बूट घालून, चिखलाला शिव्या देत. खाडी काठोकाठ भरत आली होती. तिवरांची झाडं गळ्यापर्यंत पाण्यात उभी होती.

"नेहमी चालता तशा चाला," मृणाल म्हणाली.

असं सांगितल्यावर कुणाला नेहमीसारखं चालता आलंय? कमळ वरातीतल्या घोड्यासारखी एकेक पाऊल मोजून टाकू लागली. बांधाच्या टोकापर्यंत गेली. फोन गप्प. परत फिरली. फोन गप्पच.

"नणंद माणसांसमोर लाजते," कल्पिता म्हणाली.

"तुझी आई लाजली का कधी?" कमळ म्हणाली. "साखरपुड्याला मला म्हणाली, आमच्या पोरीला चिखलाची सवय न्हाय. मी म्हटलं, आमच्या चिखलाला पोरींची हाय."

"तेव्हा तुम्ही म्हणाला होता, मुलगी कॉम्प्युटरवर बसते ते बरं आहे."

"बरं हायच की. पण कॉम्प्युटर काय बांध—"

फोन वाजला. बारीक, टिटवीसारखा. मग पुन्हा. मग पुन्हा.

"आजी, थांबा," मृणाल म्हणाली. "आत्ता काय केलंत?"

"काय केलं? हिच्याशी बोलत होते."

"पायाकडे बघा."

कमळने, कमरेत वाकायचं नाही म्हणून, नुसते डोळे खाली नेले. तिचा उजवा पाय चपलेतून बाहेर आला होता. टाचेखाली ओला चिखल दाबलेला होता, वाटीएवढा गोल, गुळगुळीत. पलीकडे तसाच एक कालचा, वाळत आलेला. त्याच्या पलीकडे परवाचा. दहा-बारा पावलांपर्यंत तसे गोल दिसत होते, जणू कुणी ओळीने शिक्के मारत गेलं होतं.

ती स्वतःच्या पायाकडे परक्याच्या पायाकडे बघावं तशी बघत राहिली. बीळ दिसलं होतं. दिसलं असणारच. पाझर डोळ्याला दिसतो, पाय जातो, चिखल ओढतो, टाच बसते, बीळ बुजतं. पन्नास वर्षांत त्यात तिला कुणी विचारलं नव्हतं, आणि तिनेही पायाला विचारलं नव्हतं.

"मी वाकले न्हाय," ती हळूच म्हणाली.

"नाही वाकलात," मृणाल म्हणाली.

"टाच मारू नको असं डॉक्टर बोलले न्हाय."

"त्यांना काय माहीत आई," कल्पिता म्हणाली, "की जगात अशी पण बाई असते."

मृणालने तिथेच उभ्या उभ्या डॉक्टरांना फोन लावला. बोलणं झालं तेव्हा तिचा चेहरा अर्धाच उजळला होता. कारण कळलं हे चांगलं, डॉक्टर म्हणाले होते. पण टाच आपटली तर धक्का बसणारच. तो धक्का नुसता टाचेचा आहे, की त्या धक्क्याने आतला सैल स्क्रूही हलतोय, हे या टिंबावरून सांगता येत नाही. म्हणजे उघडून बघणं काही टळलं नव्हतं.

कमळ काठीवर दोन्ही हात ठेवून विचार करत उभी राहिली. पाणी आता बांधाच्या वीतभर खाली होतं.

"मडकं तडकलंय का न्हाय, ते कसं बघतात?" तिने विचारलं.

"वाजवून," कल्पिता म्हणाली.

"एकट्याला वाजवून काय कळतं? शेजारी चांगलं मडकं ठेवतात आन् दोन्ही वाजवतात." तिने सुनेला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "मृणाल, तुझ्याकडं नणंदेची आणखी एक जोडी हाय का?"

पिशवीत बदलीची जोडी होती. बांधाच्या आडोशाला उभं करून मृणालने ती कल्पिताच्या पाठीवर चिकटवली. कल्पिताने बूट काढले, मोजे काढले, मोजे बुटात कोंबले आणि चेहरा असा केला, की जणू तिलाच ऑपरेशनला नेतायत.

"इथं, ओल दिसते ना, तिथं मार," कमळ म्हणाली.

कल्पिताने टाच मारली. फोन किंचाळला.

"बाप रे," मृणाल म्हणाली. "हा आजींच्या दुप्पट आहे."

"झुरळ मारतेस काय?" कमळ म्हणाली. "सगळा दणका पाठीत घेतलास. गुडघा सैल सोड. वजन कमरेतनं खाली सांडू दे, आपटू नको. पाय चिखलात बसला पायजे, चिखल पायावर न्हाय."

"म्हणजे काय करू नक्की?"

"भाकरी थापतेस ना? हात आपटतेस का? तसं."

दुसऱ्यांदा चुकलं, तिसऱ्यांदा चुकलं. चौथ्या बिळाला कल्पिताचा गुडघा जरा सुटला. सातव्या-आठव्याला फोनचा आवाज उतरला, आणि ती घाम पुसायला थांबली तेव्हा मृणाल म्हणाली, "अजून दहा मारा. अशाच." कल्पिताने मारल्या. दहापैकी तीन तर अशा बसल्या की कमळच्या तोंडून नकळत "हां" निघालं. चिखलात गोल उमटला होता, कडा न फाटलेला.

मृणालने फोनवर दोन रेघा एकावर एक ठेवल्या. एक सासूची, एक सुनेची. टाच बसते तिथे उंच टोक, मग थरथर, मग सपाट. तिने बोटांनी चित्र मोठं केलं, लहान केलं, पुन्हा मोठं केलं. कमळ तिच्या खांद्यावरून बघत होती. तिला दोन रेघा वेगळ्या दिसत नव्हत्या, पण तिला वाटलं आपल्याला चष्मा नाही म्हणून दिसत नसतील.

"सैल स्क्रू असता तर टोकामागच्या शेपटीत जास्त थरथर दिसली असती," मृणाल शेवटी म्हणाली. "मला तरी दिसत नाही. पण मी डॉक्टर नाही आजी. हे त्यांना दाखवावं लागेल."

डॉक्टरांनी ते बघितलं, दोन दिवस घेतले, आणि बुधवारी स्वतः फोन केला. अशी तुलना आधी कुणी केल्याचं त्यांना माहीत नव्हतं. एवढ्यावरून शंभर टक्के सांगता येत नाही, पण उघडायची घाई करायचं कारण दिसत नाही. आता एक उधाण आजींनी टाच न मारता काढायचं. त्या दिवसांत टिंबं आली नाहीत आणि पुढच्या एक्सरेत ती धूसर जागा वाढलेली नसली, तर ऑपरेशनचं नाव काढायचं नाही. टाच मात्र होळीपर्यंत बंद.

"आन् बिळं?" कमळने विचारलं.

डॉक्टरांकडे बिळांवर औषध नव्हतं.

अमावास्येचं उधाण आलं. कल्पिताने कंटेनरच्या गोदामातल्या कामावर सांगून पाच दिवस दुपारची पाळी घेतली. रोज भरतीच्या आधी ती साडीचा ओचा खोचून, अनवाणी, बांधावर जायची. कमळला बांधावर यायला बंदी होती. तिला ओटीवर खुर्चीत बसवलं होतं, तोंड रस्त्याकडे करून. पहिल्या दिवशीच तिने खुर्ची फिरवून घेतली.

"किती सापडली?" ती ओटीवरून विचारायची.

"नऊ," बांधावरून आवाज यायचा.

"जांभळीपाशी बघितलं? तिथं जुनं हाय."

"बघितलं."

"पुन्हा बघ."

"आई, इथं येऊन बघता का?"

"मला बंदी हाय," कमळ म्हणायची. कल्पिता परत येताना चिखलाचे पाय घेऊन थेट ओटीवर चढायची. कमळ त्या पायांकडे बघायची. टाचांच्या कडा फुटायला लागल्या होत्या. रात्री लावायला कोकमाचं तेल कपाटात वरच्या कप्प्यात आहे, एवढंच तिने सांगितलं.

उधाण ओसरलं आणि एक्सरे झाला. धूसर जागा होती तेवढीच होती. डॉक्टरांनी ऑपरेशनचं नाव काढलं नाही. संध्याकाळी मृणालचा फोन आला, तो कल्पिताने सासूच्या कानाला लावला.

"आजी, कागद एकदम स्वच्छ. पाच दिवसांत एकही मोठा धक्का नाही. डॉक्टर खूश आहेत." मग ती जरा अडखळली. "फक्त एक विचारायचं होतं. शनिवारी, रविवारी, सोमवारी, भरतीच्या वेळेला तुम्ही खुर्चीतच होतात ना?"

"खुर्चीतच. हिला विचार."

"कारण अगदी बारीक टिंबं आहेत. म्हणजे काळजीचं काही नाही. बोटाने टिचकी मारावी एवढीच. पण आहेत. एकामागून एक. सोमवारी बारा."

"सोमवारी बारा बिळं होती," कल्पिता म्हणाली. तिने खाली बघितलं.

कमळनेही बघितलं. ओटीवरच्या लादीवर, खुर्चीच्या उजव्या पायाशेजारी, तिची टाच जिथे टेकलेली असायची तिथे, लादीचा एक पैशाएवढा तुकडा भोवतालच्या लाद्यांपेक्षा चकचकीत झाला होता.

तिने पाय उचलून हळूच खुर्चीखाली घेतला, आणि फोनमध्ये म्हणाली, "ते डॉक्टरला सांगू नको हं, मृणाल. एवढं आपल्यात ठेव."

"पण ते आधीच तिकडे पोचलंय आजी."

"व्हय," कमळ म्हणाली. "नणंदच ती."